जँगो ३.२ वरून ५.० : ४०३, ४०५ आणि न टिकणारं लॉगिन

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या ३.२ वरून थेट ५.० वर गेल्यापासून फॉर्म पाठवला की ४०३ (परवानगी नाही) येतो, लॉगआउटवर ४०५ (ही पद्धत चालत नाही) येतो, आणि लॉगिन झालं तरी पुढच्या एकदोन क्लिकमध्ये पुन्हा लॉगिनचं पान समोर. लॉगआउट सोडलं तर स्वतःच्या मशीनवर सगळं नीट चालतं, बिघाड फक्त सर्व्हरवर. हे तीन वेगळे आजार आहेत. तिन्हींवर एकच औषध शोधत बसण्यात माझा एकदा अख्खा आठवडा गेला आहे.

लॉगआउटचं आधी उरकतो. साध्या लिंकवरून, म्हणजे गेट रिक्वेस्टने, लॉगआउट करण्याची सोय ४.१ पासून मोडीत काढायला घेतली होती, ५.० मध्ये ती गेली. लिंकच्या जागी पोस्ट करणारा छोटा फॉर्म आणि त्यात सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुमच्याच साइटवरून आला हे पटवणारी गुप्त खूण) ठेवा. बटण लिंकसारखं दिसावं असं वाटत असेल तर ते सीएसएसचं काम.

आता ४०३. लॉगमध्ये ‘ओरिजिन चेकिंग फेल्ड’ असं दिसतंय ना? मग टोकनला दोष देऊ नका, ते बहुधा बरोबरच आहे. ४.० पासून जँगो ब्राउझरने पाठवलेला ओरिजिन हेडरही, म्हणजे रिक्वेस्ट कोणत्या साइटवरून निघाली ते सांगणारी ओळही, तपासतो. रिक्वेस्ट ज्या स्कीमने (एचटीटीपी की एचटीटीपीएस) आणि ज्या होस्टवर आली असं त्याला वाटतं, त्याच्याशी तो हेडर जुळवून पाहतो. तुमच्याकडे टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन, पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरपाशीच संपतं आणि आत जँगो चालवणाऱ्या गनिकॉर्नपर्यंत साधं एचटीटीपी जातं. ब्राउझर म्हणतो मी एचटीटीपीएसवरून आलो, जँगोला दिसतं एचटीटीपी, म्हणून तो दार लावतो. ३.२ मध्ये अशा रिक्वेस्टला जँगो असुरक्षित समजायचा आणि रेफररची (आधीचं पान कोणतं ते सांगणाऱ्या हेडरची) तपासणीच करायचा नाही. म्हणजे चूक तेव्हाही होती, फक्त गप्प होती.

बहुतेक जण इथे ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’ या विश्वासू साइटच्या यादीमध्ये साइटचं नाव घालून मोकळे होतात. (४.० पासून तिथे नावाआधी एचटीटीपीएस आणि दोन तिरप्या रेघाही लागतात, नुसतं डोमेन चालत नाही.) त्याने ४०३ जातो, पण मला हा उपाय पटत नाही, कारण कनेक्शन सुरक्षित आहे हे जँगोला अजूनही कळलेलं नसतं. मग पासवर्ड रीसेटच्या मेलमधली लिंक एचटीटीपीची निघते, आणि पुढे कोणी ‘सिक्युअर एसएसएल रिडायरेक्ट’ (एचटीटीपीवरून आलेल्याला एचटीटीपीएसकडे वळवणारी सेटिंग) चालू केलं की साइट स्वतःभोवतीच गरगर फिरत राहते. मुळाशी जा. एनजिनएक्सकडून मूळ होस्ट आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ (ब्राउझर एचटीटीपीएसवरून आला की नाही ते सांगणारा) हे दोन्ही हेडर पुढे पाठवा, आणि या दुसऱ्या हेडरवर जँगोने विश्वास ठेवावा म्हणून जँगोत ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ ही सेटिंग लावा. मात्र बाहेरून कोणी ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ स्वतः घालून पाठवला तर एनजिनएक्सने तो पुसून आपलाच लिहायला हवा. नाहीतर कोणीही ‘मी सुरक्षित आहे’ म्हणेल आणि जँगो मान डोलावेल.

आणि कृपा करून लॉगिनच्या व्ह्यूवर (ती रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडवर) सीएसआरएफ तपासणीची सूट देऊन वेळ मारून नेऊ नका. मी एकदा ‘आजच्यापुरतं’ म्हणून दिली होती. ती सात महिने तशीच राहिली.

खरी गंमत लॉगिनची आहे. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की मेमकॅश्ड या कॅश सर्व्हरशी जँगोला जोडणारा जुना बॅकएंड सापडत नाही अशी एरर आली, म्हणून कॅशसाठी तात्पुरतं ‘लोकमेम’ (मेमरीतली स्थानिक कॅश) लावलं. दुखणं तिथेच आहे. तो जुना बॅकएंड ४.१ मध्ये काढून टाकला गेला, ते खरं. पण तुमची सेशन्स, म्हणजे कोण लॉगिन झालंय याच्या नोंदी, कॅशमध्ये राहतात, आणि लोकमेम प्रत्येक प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतं. गनिकॉर्नचे ४ वर्कर (वेगळ्या प्रोसेस) म्हणजे ४ वेगळ्या वह्या. लॉगिनची नोंद पहिल्याच्या वहीत झाली, पुढची रिक्वेस्ट तिसऱ्याकडे गेली, त्याच्या वहीत तुमचं नावच नाही. तो नुसता ओळख नाकारत नाही, सेशनची कुकीही पुसून टाकतो. त्यामुळे पुन्हा पहिल्या वर्करकडे गेलात तरी उपयोग नाही. तुमच्या मशीनवर जँगोच्या रनसर्व्हर या चाचणीच्या सर्व्हरची एकच प्रोसेस सगळ्या रिक्वेस्ट सांभाळते, म्हणून तिथे हा प्रकार दिसला नाही.

खात्री करायची तर ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लॉगिननंतरच्या रिक्वेस्ट पाहा. एखाद्या उत्तरात सेशनआयडी (सेशनच्या कुकीचं नाव) रिकामी आणि मुदत १ जानेवारी १९७० अशी सेट-कुकी दिसली तर हेच. किंवा वर्करची संख्या १ करून पाहा, लॉगिन टिकेल. कायमचा उपाय म्हणजे पायमेमकॅश ही मेमकॅश्डची पायथन लायब्ररी बसवून त्याचा बॅकएंड लावणं. मी तुमच्या जागी असतो तर त्यासोबत सेशन इंजिन ‘कॅश्ड डीबी’ (कॅश आणि डेटाबेस दोन्हींत नोंद ठेवणारं) केलं असतं. मग कॅश रिकामी झाली तरी डेटाबेसमधून सेशन परत मिळतं. सेशनचं टेबल नसेल तर आधी टेबलं बनवणारी मायग्रेट आज्ञा चालवा.

पहिलं लॉगिन जरा रेंगाळतं असंही म्हणालात, त्याची काळजी नको. पासवर्डचा हॅश (उलगडता न येणारं रूप) काढताना होणाऱ्या फेऱ्या ३.२ मध्ये २,६०,००० होत्या, ५.० मध्ये ७,२०,००० आहेत, आणि जुना हॅश पहिल्या लॉगिनला नव्याने लिहिला जातो.

जमत असेल तर ४.२ वर एक मुक्काम करा. तिथे पायथनला सगळे इशारे दाखवायला सांगणारं ‘-डब्ल्यूए’ देऊन टेस्ट चालवल्या की लॉगआउटसारख्या गोष्टींची सूचना आधीच मिळते. ‘इज एजॅक्स’ (रिक्वेस्ट जावास्क्रिप्टने पाठवली का ते पाहणारी जुनी सोय) कुठे वापरलं असेल तर तेही शोधून काढा, ते ४.० मध्येच गेलं.

हे सगळं करूनही लॉगिन टिकलं नाही तर लॉगिनच्या पोस्टचे आणि त्यानंतरच्या पहिल्या गेटचे हेडर इथे टाका. सेशनआयडीपुढची अक्षरं मात्र खोडून टाका, ती हाती लागली की कोणीही तुमच्या नावाने आत शिरेल.