पानं पिवळी, पण झाड ठणठणीत

प्रश्न : मेलबर्नला घर घेतलं, अंगणात मोठा गोल्डन एल्म आहे. ऐन वसंतात पानं पिवळीधमक! शेजारी म्हणतात, लोह कमी पडलंय. खत घालू का?

उत्तर : मुळीच नको. हा उल्मस ग्लाब्रा या एल्मच्या जातीचा ‘ल्युटेसन्स’ वाण आहे. याच्या पानांत हरितद्रव्य मुळातच कमी, म्हणून पिवळा रंग वर दिसतो. लोह कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो, तोही आधी कोवळ्या पानांवर. एखादं पान हातात घ्या. वरून काचकागदासारखं खरखरीत, देठापाशी दोन्ही बाजू खालीवर, आणि पिवळा रंग बहुतेक सगळीकडे सारखा. आता फांद्या बाजूला सारून आत डोकवा. सावलीतली पानं पोपटी दिसतील, कारण जेवढं ऊन तेवढा पिवळेपणा. म्हणूनच इमारतीच्या सावलीत लावलेला गोल्डन एल्म पाहिला की मला लावणाऱ्याचा राग येतो. जागाही अडली आणि रंगही गेला.

प्रश्न : आम्हीही मेलबर्नचेच. जानेवारीत, इथल्या उन्हाळ्यात, आमच्या एल्मच्या पानांची नुसती जाळी उरली. झाड मरेल का?

उत्तर : एका वर्षात नाही. दरवर्षी असंच झालं तर मात्र झाड खंगतं. हे काम एल्मच्या पानं खाणाऱ्या भुंगेऱ्याचं. नोव्हेंबरपासून पानं उलटून पाहत जा. खालच्या बाजूला पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसतील. अळ्या शिरा सोडून बाकीचं पान खरवडून खातात आणि मग कोषात जायला बुंध्यावरून खाली उतरतात. तिथेच त्यांना गाठता येतं, बुंध्याभोवती कीटकनाशकाचा पट्टा फवारून. मोठ्या झाडाला इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक जमिनीतून किंवा खोडात टोचून देतात. ते काम आर्बोरिस्टवर, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञावर सोपवा.

प्रश्न : आमच्या गोल्डन एल्मच्या बुंध्याशी हिरव्या पानांचे फुटवे आलेत.

उत्तर : झाड कलमी आहे, हे फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधलं त्याचे. तळापासून काढा. शेंड्याकडे हिरवी फांदी आली तर तीही ठेवू नका, पिवळ्यांपेक्षा ती जोरात वाढते.

प्रश्न : लंडनमध्ये राहतो. बागेसाठी ‘व्रेडेई’ हा पिवळ्या पानांचा एल्म घेतोय. एल्मच्या रोगाची भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. हा वाण 1875 च्या सुमारास जर्मनीत पॉट्सडॅमजवळ मिळाला. उभट, सडपातळ, पानं दाट आणि मुरडलेली. लहान बागेला शोभतो. पण डच एल्म रोगापासून त्याला संरक्षण नाही. हा रोग बुरशीमुळे होतो आणि सालीखाली राहणारे भुंगेरे ती पसरवतात. 1960 च्या दशकाअखेरीस आलेल्या साथीत ब्रिटनमधले अडीच कोटींहून जास्त एल्म गेले. ब्रायटन शहराने रोगट झाडं वेळेवर तोडून आपले बरेच एल्म राखले. तेव्हा उन्हाळ्यात एखादी फांदी अचानक कोमेजून पिवळी-तपकिरी पडली तर वाट पाहू नका. ऑस्ट्रेलियात हा सालीखालचा भुंगेरा पोचलाय, बुरशी नाही. त्यामुळे मेलबर्नच्या मंडळींनी परदेशातून एल्मचं लाकूड किंवा काडी कदापि आणू नये.

प्रश्न : पुण्यात गोल्डन एल्म जगेल का?

उत्तर : नाद सोडा. त्याला खरी थंडी लागते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ही पानं करपतात. पिवळा रंगच हवा असेल तर गोल्डन दुरांटा किंवा गोल्डन बॉटलब्रश लावा. एल्मच्या कुळातलं झाड हवं असेल तर आपला वावळा आहेच. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या पातळ, गोल, पापडीसारख्या फळांचे घोस लागतात. फक्त त्याला जागा ऐसपैस लागते आणि पानं चुरगळली की घाण वास येतो, तेव्हा खिडकीपासून लांब लावा.