जेट बोटीच्या इंजिनाचा अलार्म वेग वाढवला की वाजतो. दोष कुठे शोधावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: तुम्ही वापरलेली, पेट्रोल इंजिनाची जेट बोट घेतली आहे. वेगात चालवली की पाच-सात मिनिटांत बझर सलग वाजू लागतो आणि वेग कमी केल्यावर थोड्या वेळाने थांबतो, पण तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून हलत नाही. कोणीतरी 'सेन्सर गेला असेल, वायर काढून टाका' असे सुचवले आहे आणि ते ऐकावे का, असे तुम्ही विचारले आहे. कृपया ऐकू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणे खराब सेन्सरपेक्षा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या कमतरतेशी अधिक जुळतात.

अलार्म वाजला यापेक्षा तो कोणत्या स्थितीत वाजला, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. वेगात सुरू होऊन वेग उतरवल्यावर थांबणारा अलार्म बहुधा उष्णतेचा असतो, कारण जोर वाढला की इंजिन अधिक तापते आणि अपुरे पाणी तेव्हाच उघडे पडते. याउलट इंजिन गरम झाल्यावर संथ फेऱ्यांवर (कमी आरपीएमवर) वाजणारा आणि थ्रॉटल देताच गप्प होणारा अलार्म ऑइलचा दाब कमी असल्याचे किंवा बॅटरीचे चार्जिंग पुरत नसल्याचे सुचवतो. फक्त वळणावर क्षणभर वाजत असेल, तर सर्वप्रथम ऑइलची पातळी पाहावी. पातळी खाली असली की वळताना ऑइल एका बाजूला सरकते आणि पंपाला हवा लागते. म्हणून वहीत तारीख, फेऱ्या, किती मिनिटांनी वाजला आणि किती वेळाने थांबला, एवढे लिहून ठेवा.

काटा हलत नाही म्हणून इंजिन थंड आहे, असे धरून चालता येत नाही. अनेक इंजिनांत काट्याचा सेन्सर आणि अलार्मचा स्विच हे वेगवेगळे भाग असतात आणि वेगवेगळ्या जागी बसवलेले असतात. शिवाय काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तापमान नीट दाखवतो. त्याच्याभोवतीचे पाणी उतरून वाफ उरली, तर इंजिन तापलेले असतानाही काटा खाली राहू शकतो. काही जेट बोटींत इंजिनातला कूलंट (थंडावा देणारा द्रव) बंद वर्तुळात फिरतो आणि बाहेरचे पाणी फक्त एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा मार्ग) थंड करते. तिथे बाहेरचे पाणी आटले, तर इंजिनाचा काटा शांत राहतो आणि अलार्म एक्झॉस्टच्या तापमानाचा वाजतो. तुमची बोट यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

आता मूळ मुद्दा. बहुतेक जेट बोटींत बाहेरचे पाणी घेण्यासाठी वेगळा पंप नसतो. बोट पुढे ढकलणारा जेट पंपच आपल्या दाबाचा थोडा भाग एका नळीतून इंजिनाकडे पाठवतो. त्यामुळे पंपाला जे होते ते थेट इंजिनाच्या थंडाव्याला भोवते. तळाच्या इनटेक जाळीवर गवत, दोरी किंवा प्लॅस्टिक अडकले की इम्पेलरला (पंपातल्या पात्यांच्या फिरत्या चाकाला) पाणी कमी मिळते, फेऱ्या वाढतात, बोट मात्र त्या प्रमाणात पळत नाही, आणि थोड्याच वेळात अलार्म वाजतो. ही दोन लक्षणे जोडीने दिसली, तर इंजिनाला हात लावण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तळ पाहावा. रिव्हर्स टाकून कचरा निघेल, ही आशा बहुतेक बोटींत फोल ठरते, कारण रिव्हर्समध्ये इम्पेलर उलटा फिरत नाही. मागची बादली खाली येऊन फक्त पाण्याचा झोत पुढे वळवते. किल्ली काढून, सुरक्षा-दोरी सोडवून आणि इंजिन पूर्ण थांबल्याची खात्री करूनच जाळीत हात घाला.

माझ्या बोटीत हाच दोष निघाला तेव्हा जाळी बाहेरून स्वच्छ दिसत होती. टॉर्च तिरकी धरून आत पाहिले, तेव्हा इम्पेलरच्या पुढे शाफ्टवर बोटभर रुंदीची प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली आढळली. घर्षणाने ती इतकी वितळली होती की ब्लेडने थर कापत काढावी लागली. म्हणून तुम्हीही जाळीवर न थांबता शाफ्टपर्यंत पाहा. त्याच वेळी इम्पेलरच्या कडा आणि सभोवतालची वेअर रिंग (इम्पेलर ज्यात फिरतो ते कडे) तपासा. त्यांच्यातले अंतर मिलिमीटरच्या अंशाइतकेच असते. खडे गिळून तिथे खोल चरे पडले की पंपाचा दाब घटतो.

पंप चांगला निघाला तर पाण्याचा मार्ग पुढे पुढे तपासत जा: गाळणी, दबलेली नळी, थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप), एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र करणारा भाग). उथळ पाण्यात इंजिन सुरू केले असेल, तर पंप तळाची वाळू उचलतो आणि ती इंजिनातील पाण्याच्या अरुंद वाटांत साचते. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार सोडणारी बोट असेल, तर ती धार रोज पाहायची सवय लावा. ती बारीक झाली की अलार्मच्या आधीच कळते. नळ जोडून आतून धुताना क्रम चुकवू नका. बहुतेक जेट बोटींत आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडायचे असते, आणि शेवटी आधी पाणी बंद करून मग इंजिन. उलटे केले तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जाऊ शकते. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. इंजिन कोरडे तापले असेल, तर ते निवल्यावरच त्यात थंड पाणी सोडा, आणि गरम कूलंटचे झाकण कधीही उघडू नका.

सेन्सरबद्दलची शंकाही फेडून घ्या, पण वायर काढून टाकून नव्हे, तर तपासून. जुन्या, साध्या वायरिंगच्या बोटींत ऑइलच्या दाबाचा आणि तापमानाचा असे दोन्ही स्विच एकाच बझरला जोडलेले असतात. किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू केले नाही, तर ऑइलचा दाब शून्य असल्याने बझर वाजायलाच हवा. वाजला नाही, तर बझर किंवा त्याची वायर नादुरुस्त आहे आणि हा दोष अधिक धोक्याचा आहे. आता ब्लोअर (हवा बाहेर फेकणारा पंखा) चालवून इंजिनखणातली पेट्रोलची वाफ काढा (साधारण 4 मिनिटे), किल्ली बंद करून ऑइल स्विचची वायर सोडवा आणि किल्ली पुन्हा फिरवा. थंड इंजिनावर बझर शांत राहिला पाहिजे. तरीही वाजत असेल, तर तापमानाचा स्विच अडकला आहे किंवा त्याची वायर कुठेतरी धातूला टेकते आहे. थंड असताना शांत आणि अलार्मनंतर लगेच तपासल्यास वाजत असेल, तर इंजिन खरोखर तापते आहे, असे मी मानेन. तपासणी झाली की वायर लगेच परत जोडा. संगणक-नियंत्रित इंजिनांत मात्र हा प्रयोग करू नका. तिथे संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड वाचून घ्यावा.

विजेच्या बाजूने एवढेच: पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना आकडा साधारण 13.8 ते 14.4 असावा. कनेक्टर उघडून पाहा. पिनांवर हिरवट थर असेल तर खोटे अलार्म तिथून येऊ शकतात.

ऑइल डिपस्टिकवर दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. इंजिन पुन्हा सुरू न करता मेकॅनिकला दाखवा.

पाण्यावर असताना अलार्म वाजला, तर ऑइलच्या दाबाच्या इशाऱ्याला इंजिन ताबडतोब बंद करावे लागते. तापमानाचा असेल तर थ्रॉटल उतरवून पाण्याची धार पाहा, आणि ती नसेल तर बंद करा. मात्र जेट बोटीला वळवतो तो पंपाचा झोत. इंजिन थांबले की सुकाणू जवळपास निकामी होते. म्हणून खडकांपासून आणि इतर बोटींपासून अंतर ठेवा आणि नांगर हाताशी असू द्या. इंजिन आपोआप कमी फेऱ्यांवर अडकले, तर तो बहुधा संरक्षणासाठीचा लिम्प मोड असतो. त्यात हळूहळू किनारा गाठावा, जोर करून तो मोडू नये.

आधी तळ आणि शाफ्ट पाहा, मग स्विचची तपासणी करा आणि काय आढळले ते इथे लिहा. इंजिनाचा प्रकार कळवलात तर मी पुढचे सांगेन. तोपर्यंत बझर जोडलेलाच राहू द्या.