चरून वाढलेल्या मेंढीचं मटण मंद आचेवर शिजवायचं तर कोणता भाग घ्यावा?

खांदा, मान आणि पायाच्या नळ्या. माळावर चरणारं जनावर दिवसभर चालतं, म्हणून या भागांत कोलॅजन, म्हणजे मांस जोडून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. ते तासन् तास मंद आचेवर विरघळतं आणि रस्सा दाट होतो. चापा (बरगडीचे तुकडे) मात्र यासाठी घेऊ नका, कोरड्या पडतात. मांडीचं नुसतं मऊ मांसही तसंच.

खाटकाला हाडासकट, जरा मोठेच तुकडे करायला सांगा. लहान तुकडे मांस शिजेपर्यंत हाडापासून सुटून विस्कटतात. किलोभर मटणाला मीठ, हळद, आलं-लसूण चोळून तासभर ठेवा. मग कांद्यावर परतून झाकणाच्या ताटात पाणी ठेवा, तेच गरम पाणी लागेल तसं आत घाला. अडीच ते तीन तास धरा. या मटणात चरबी कमी असते, त्यामुळे तेलात कंजूषी नको.

रस्सा खळखळ उकळू देऊ नका, अधूनमधून एखादा बुडबुडा यावा इतकंच. जोरात उकळलं की तंतू आकसून रस बाहेर पडतो. दोन तासांनी चिवट लागलं तर गॅस वाढवू नका, अजून वेळ द्या. खोबऱ्याचं वाटण शेवटच्या वीस मिनिटांत घाला, आधी घातलं तर तळाला लागतं.