टॅरिफ, तारीफ, उर्फ आणि मार्फत

प्रश्न तीन आहेत. 'वाढीव टॅरिफ भरावा लागेल' ही रचना बरोबर आहे का, टॅरिफला मराठी शब्द कोणता, आणि हा शब्द स्पेनमधल्या तरीफा बंदरावरून आला हे खरे का?

पहिल्याचे उत्तर : नाही. टॅरिफ कुणी भरत नाही. भरतात ती जकात किंवा शुल्क. कोणत्या मालावर किती जकात, हे सांगणारा तक्ता म्हणजे टॅरिफ. 'टॅरिफ भरला' म्हणणे म्हणजे तिकीट काढून 'दरपत्रक भरले' म्हणण्यासारखे आहे. इंग्रजीत तक्त्याचे नाव हळूहळू रकमेलाही चिकटले हे खरे, पण ती सैलाई आपण का उचलायची? रकमेसाठी जकात, हशील, शुल्क असे शब्द आपल्याकडे आहेतच. हॉटेलातल्या टॅरिफ कार्डाने आणि विजेच्या टॅरिफने मूळ अर्थ अजून नीट सांभाळला आहे. बातम्यांनीच तो सोडला.

आता तरीफा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या गलबतांकडून तिथे पैसे उकळत, म्हणून टॅरिफ, ही कथा चांगले जाणकारही बिनदिक्कत सांगतात. नुसत्या नादावर बेतलेली व्युत्पत्ती आहे ती. सांगणाऱ्यांनी अक्षरे तपासण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. गावाला नाव मिळाले ते 710 साली तिथे उतरलेल्या तरीफ इब्न मालिक या सरदारावरून. अरबी लिपीत 'त'साठी 'तोय' आणि 'ते' अशी दोन वेगळी अक्षरे आहेत. त्याच्या नावात 'तोय' आहे, धातू, म्हणजे शब्दाची मूळ अक्षरे, तोय-रे-फे. टॅरिफचे मूळ आहे अरबी 'तअरीफ'. त्यात साधा 'ते', मध्ये 'ऐन', आणि धातू ऐन-रे-फे, म्हणजे 'जाणणे'. देवनागरीत दोन्हीकडे 'त'च उमटतो म्हणून आपण फसतो. अरबीत हे दोन शब्द एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत.

आणि हा दुसरा धातू तर मराठीच्या घरात केव्हाचा नांदतो आहे! 'तअरीफ' म्हणजे कळवणे, ओळख करून देणे. आपली 'तारीफ' तीच. स्तुती हा अर्थ मागाहून आला. उर्दूत 'आपकी तारीफ?' असे विचारतात तेव्हा स्तुती नको असते, नावगाव हवे असते. 'उर्फ' म्हणजे लोक ज्या नावाने जाणतात ते. 'मार्फत' म्हणजे मअरिफत, ओळख. अमक्याच्या मार्फत म्हणजे मुळात अमक्याच्या ओळखीने. 'आरिफ' म्हणजे जाणता. भूमध्य समुद्रातल्या व्यापारातून तोच शब्द इटालियनमध्ये तारिफ्फा झाला, फ्रेंचमध्ये तारिफ, आणि इंग्रजीतून टॅरिफ होऊन आपल्याकडे आला. तुर्कीत बोटींच्या वेळापत्रकालाही 'तारिफे' म्हणतात, कारण तेही कळवण्याचेच काम करते.

'कळवणे' हा अर्थ एकोणिसाव्या शतकातल्या तहांतही जिवंत होता, असे मी ठामपणे म्हणतो. इंग्लंड आणि चीन यांच्यातला 1842 चा नानकिंगचा तह पाहा. त्याच्या दहाव्या कलमात चीनने कबूल केले की आयात-निर्यातीच्या जकातीचा रास्त आणि नियमित तक्ता ठरवला जाईल आणि तो सर्वांच्या माहितीसाठी जाहीर केला जाईल. दर कलमात नाहीत. ते तक्त्यात आले, 1843 मध्ये. जाहीर करायचा तक्ता, म्हणजे अक्षरशः तअरीफ.

तक्ता वेगळा लागतो, कारण नुसत्या टक्क्याने नाक्यावर भांडण मिटत नाही. किमतीवर 30 टक्के म्हटले, तर किंमत कुणी ठरवायची? व्यापारी गाठीची किंमत 80 सांगतो, अंमलदार 100 धरतो. इंग्लंडचा कॉब्डेन आणि फ्रान्सचा शेवालिए यांच्या खटपटीतून 23 जानेवारी 1860 रोजी झालेल्या इंग्लंड-फ्रान्स करारात फ्रान्सने इंग्रजी मालावर कमाल 30 टक्के, आणि 1 ऑक्टोबर 1864 पासून 25 टक्के, एवढीच मर्यादा मान्य केली. कोणत्या जिनसेच्या कोणत्या मापामागे किती फ्रँक, हा तपशील 1860 च्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुरवणी करारांत ठरला.

मात्र असा मापामागे ठरलेल्या ठोक रकमेचा तक्ता गोठतो. पाश्चात्त्य राष्ट्रांनी जपानवर 1866 मध्ये लादलेल्या तक्त्यात बहुतेक मालावर सुमारे 5 टक्के बसतील अशा ठोक रकमा होत्या. 100 च्या मालावर 5 ठरले आणि माल 200 ला गेला, तरी हाती येतात 5 च; म्हणजे उरले अडीच टक्के. जपानात किमती चढल्या तसे हेच घडले, आणि परराष्ट्रांच्या संमतीशिवाय तक्ता बदलता येईना. जकात स्वतः ठरवण्याचा पूर्ण अधिकार जपानला मिळाला तो 1911 मध्ये. इथे जकातीची रक्कम तीच राहिली, हाच घात होता; दोष तक्त्याचा. रकमेला आणि तक्त्याला एकच शब्द वापरणाऱ्याने हे वाक्य मराठीत कसे लिहायचे?

मराठी शब्दाचे राहिलेच. परिभाषेतला 'प्रशुल्क' मला मुळीच पटत नाही; शुल्काला 'प्र' जोडल्याने तक्ता दिसत नाही, पुन्हा शुल्कच दिसते. माझे मत 'जकातपत्रक' या शब्दाला. जकात म्हटले की पालिकेचा नाका आठवतो, हा आक्षेप येईल. मुंबईतली ती जकात 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली, आणि बंदरावरच्या वसुलीलाही मराठीत जकात म्हणत आलेच आहेत. तेव्हा 'जकात वाढली', 'नवे जकातपत्रक जाहीर झाले' असे लिहा. टॅरिफच ठेवायचे असेल, तर ते जाहीर करा, बदला, रद्द करा. फक्त भरू नका.