बाबा झालेल्या भावाला काय द्यावे?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला पहिली मुलगी झाली आहे. तो पुण्यात खासगी कंपनीत नोकरी करतो आणि भावजय बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आहे. बारशाला बाळासाठी वाळे, झबली, कुंची आणि भावजयीसाठी साडी व डिंकाचे लाडू नेण्याचे ठरले आहे. ‘त्याला कशाला काही हवे?’ असे घरची मंडळी म्हणतात. मला मात्र भावालाही काही द्यावेसे वाटते. घड्याळ घ्यावे का?
— एक आत्या, सातारा

उत्तर : भावाची आठवण आपण ठेवलीत, याचा मनापासून आनंद वाटला. घड्याळ मात्र घेऊ नये, कारण ते वाढदिवसालाही देता येते. पहिल्या बाळंतपणात आई आणि बाळ माहेरी असल्यामुळे बाप सुट्टीच्या दिवशी येऊन बाळाला पाहून जाणारा पाहुणा होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत ती कंपनीच्या धोरणावर अवलंबून असते. म्हणून ज्या भेटीमुळे त्याला लेकीचा सहवास आणि तिच्या संगोपनात वाटा मिळेल, तीच निवडावी, असे माझे मत आहे.

माझी पहिली पसंती पुणे-सांगली प्रवासाच्या आरक्षित तिकिटांना आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होत असल्याने पुढच्या दोन महिन्यांतील त्याच्या सुट्ट्यांची जाण्यायेण्याची तिकिटे आताच काढता येतील, आणि महालक्ष्मी एक्सप्रेससारखी रात्रीची गाडी निवडल्यास दिवस बाळाजवळ घालवता येईल. ही गाडी पुण्याला मध्यरात्रीच्या सुमारास येते, तेव्हा तिकिटावरील तारीख नीट पाहून घ्यावी. मात्र त्याआधी भावजयीशी आणि तिच्या आईवडिलांशी बोलावे. जावई वरचेवर येणार म्हटल्यावर पाहुणचाराचे दडपण येते. तो लंगोट बदलायला आणि रात्री बाळाला सांभाळायला येतो आहे, हे आपणच त्यांना सांगितलेले बरे.

सोबत समोरून पूर्ण उघडणारे, मऊ सुती दोन सदरे द्यावेत. बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरल्याने त्याला ऊब मिळते आणि ते शांत होते, आणि हे बापालाही आईइतकेच करता येते. दूध पाजून झाल्यावर बाळाला खांद्याशी धरून ढेकर काढणे हे कामही त्याने आपल्याकडे घ्यावे. नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध पिते, तेव्हा भावजयीला तेवढीच पाठ टेकता येईल. बाळाला बांधून घेण्याची झोळी सध्या घेऊ नये. मान सावरू लागल्यावर बालरोगतज्ज्ञांना विचारून ती घेता येईल.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्या म्हणून आपलाच असल्याने त्या दिवशी आपण गडबडीत असाल. भावाची भेट आदल्या संध्याकाळीच, भावजयीच्या समोर त्याच्या हाती द्यावी, म्हणजे येण्याच्या तारखा दोघांना मिळून ठरवता येतील.