सक्तमजुरीतली मजुरी

प्रश्न असा आला आहे: बातम्यांत कधी 'सक्तमजुरी' लिहितात, कधी 'सश्रम कारावास'. दोन्ही एकच का? आणि सक्तमजुरी म्हणजे सक्तीची मजुरीच ना?

एकच. पण सक्तीची नव्हे. वीटभट्टीवर डांबून ठेवलेल्यांच्या बातमीला 'मजुरांकडून सक्तमजुरी' असा मथळा दिसला की डोके उठते. तिथे शब्द हवा वेठबिगारी. सक्तमजुरी फक्त न्यायालय ठोठावते. यातला 'सक्त' म्हणजे फारसी 'सख्त', कठीण, 'सक्त ताकीद'मधला. 'सक्ती' त्याच घरातली खरी, पण या समासात ती नाही. 'आसक्त'मधल्या संस्कृत सक्ताचा तर काहीच संबंध नाही.

खरी गंमत मजुरीत आहे. फारसीत 'मुज्द' म्हणजे कामाचा मोबदला आणि तो घेणारा 'मुज्दूर', म्हणजे आपला मजूर. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, हाच शब्द 'मीझ्द' होतो, ग्रीकमध्ये 'मिस्थोस', आणि ऋग्वेदात 'मीढ', म्हणजे बक्षीस, जिंकलेले धन. (पारशांच्या देवाला, अहुर मज्दाला, यात ओढू नये, तो 'मेधा'च्या कुळातला.) वेठ मात्र 'विष्टि'पासून आली: सरकारसाठी फुकट राबणे. हे दोन्ही शब्द हाताशी असताना शिक्षेच्या नावात मोबदल्याचा शब्द बसला. ज्याने कोणी तो बसवला त्याला दोन्हींतला फरक पक्का ठाऊक होता, असे मला वाटते. पुरावा मागू नका, तर्क आहे. पण कायदा शेवटी तिथेच येऊन पोहोचला. घटनेच्या 23व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली. मग कैद्याच्या कामाचे काय? सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली गुजरातच्या प्रकरणात सांगितले की सक्तमजुरीच्या कैद्याकडून त्याच्या संमतीशिवाय काम घेता येते, पण त्याला न्याय्य मजुरी द्यावी लागते. जेवण-कपड्यांचा खर्च त्यातून कापता येतो आणि काही वाटा पीडितांसाठी बाजूला काढायचा असतो.

म्हणूनच 'फारसी नको' म्हणत 'सश्रम कारावास' पुढे करणाऱ्या शुद्धिवाद्यांशी माझे पटत नाही. श्रम राहिले, मजुरी गेली! वर 'कारावास' घ्यायचा आणि 'कैद' हाकलायची, यात मराठीचे काय भले झाले?

साध्या कैदेतला कैदी हवे तर काम मागू शकतो. सक्तमजुरीत ते टाळता येत नाही. त्यालाही मर्यादा होती. 1894 च्या तुरुंग कायद्याप्रमाणे तातडीची गरज सोडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि काम करणाऱ्या कैद्याचे वजन निदान पंधरवड्याला एकदा त्याच्या तिकिटावर, म्हणजे तुरुंगातल्या नोंदपत्रावर, नोंदवायचे. कामाने प्रकृती ढासळते असे डॉक्टरला वाटले, तर ते काम बंद. जन्मठेप हीसुद्धा सक्तमजुरीचीच धरतात, हे पुष्कळांना माहीत नसते.

आता भारतीय न्याय संहितेने 1 जुलै 2024 पासून सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आणली आहे. उदाहरणार्थ, पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर ती मिळते. या कामाला मोबदला नाही, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 23 मध्येच स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे सक्तमजुरीला मजुरी आणि सेवेला नाही! त्यातच काही वार्ताहरांनी 'समाजसेवेची शिक्षा' असे लिहायला सुरुवात केली आहे. 'सामुदायिक सेवा' लिहा, नाहीतर गावोगावचे समाजसेवक विचारतील की आमचा गुन्हा काय.