पहिले वर्ष जनरल वॉर्डात काढ

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नवी मुंबईतल्या खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत रुजू व्हावे की कळव्याच्या महापालिका रुग्णालयात वॉर्डाचे काम धरावे, हा तुझा प्रश्न वाचला. नोकरी कुठेही मिळो, पहिले वर्ष मेडिसिनच्या जनरल वॉर्डात काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आयसीयूत रुग्ण ढासळू लागला की मॉनिटर वाजतो; वॉर्डात ते परिचारिकेलाच ओळखावे लागते, आणि ती नजर सुरुवातीलाच तयार व्हावी लागते.

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण येऊ लागले की तुला हे कळेल. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, नातेवाईक ‘सिस्टर, घरी कधी सोडणार?’ म्हणून विचारू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तातील द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत, जाण्याचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे ताप नाही म्हणून रात्रीचे बीपी टाळू नकोस. ते ११०/९० आले, तर वरच्या आकड्यावर समाधान मानू नकोस. दोहोंतील अंतर २० वर आले आहे, हेच धोक्याचे लक्षण आहे. हातपाय गार लागतात का, पोट दुखते का, उलट्या थांबत नाहीत का, संध्याकाळपासून लघवी किती झाली, हे पाहून डॉक्टरांना ताबडतोब फोन कर. ‘पेशंट बरा दिसत नाही’ एवढ्याने कोणी धावत येत नाही. आकडे सांग, बदल कधीपासून आहे ते सांग आणि ‘आपण आता येऊन पाहावे’ असे स्पष्ट म्हण. झोपमोड होईल म्हणून संकोच करण्याचे कारण नाही.

श्वास पूर्ण एक मिनिट मोज. मागच्या पाळीतला २० हा आकडा पुढे उतरवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि मला तिची फार चीड येते, कारण प्रकृती बिघडण्याची चाहूल बहुधा श्वासाच्या गतीतूनच आधी लागते. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरून छातीकडे लक्ष ठेव. आपला श्वास मोजला जातो आहे हे कळले की रुग्णाची लय बदलते.

पुढे पोस्ट बेसिक बीएस्सीची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमानंतरच्या पदवीची, २ वर्षे अवश्य कर. त्यानंतर आयसीयूत गेलीस तर मला आनंदच होईल. तूर्त महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पूर्ण कर, आणि मुलाखतीत पगाराबरोबर रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती खाटा असतात, हेही विचार.

तुझी,
सिस्टर